किनाऱ्यासमोरून वळणारं जहाज

जहाज दिसताच टेकडीवरच्या कब्रस्तानात इलियासने कबर पुन्हा खणली. त्या जहाजाच्या शीतगृहात त्याच्या भावाची, कासमची मय्यत होती. कासम त्यावरचा एकमेव माणूस, मेकॅनिक; शीतगृह दुरुस्त करतानाच तो आत गारठून मेला होता. सुकाणू संगणकाच्या हाती. कुठल्याही देशाने आयातशुल्क वाढवलं, की संगणक परस्पर दुसरं बंदर धरायचा. एका मय्यतीसाठी अख्खा माल तोट्यात घालायला मालक तयार नव्हते.

भोंगा वाजला. याही वेळी जहाज सावकाश वळलं.

इलियासने फावडं उचललं. रिकामी कबर उघडी ठेवत नाहीत.

"बुजवू नका, भावजी," कासमची बायको हमीदा म्हणाली. पहिल्या खेपेला काळेभोर असलेले तिचे केस आता पांढरे झाले होते. "त्यांच्याआधी ती मलाच लागेल."