उंबऱ्याशी झोपलेली

भाड्याच्या या खोलीत आल्यापासून शाल्मलीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. जरा पेंग आली, की परकर नेसलेली एक पोर गार हातांनी तिला हलवायची. “झोपू नकोस ना, ताई. मला एकटीला करमत नाही.”

आज सकाळी मात्र ती पोरच उंबऱ्याशी आडवी झोपली होती. उन्हात तिच्या अंगातून खालची फरशी दिसत होती. शाल्मलीने बॅग उचलली, श्वास रोखला आणि ती पोरीवरून पाय टाकून बाहेर आली. सुटले बाई एकदाची!

“मला ओलांडलंस, ताई,” मागून रडवेला आवाज आला. “उलटं ओलांड ना. नाहीतर माझी वाढ खुंटेल.”

लहानपणी धाकट्या भावाला ओलांडलं, की आई धपाटा घालून तिला उलटं ओलांडायला लावायची. झोपेने जड झालेल्या शाल्मलीचा पाय सवयीने पुन्हा आत पडला.

दार आपोआप लागलं. पोरीने तिच्या पायांना मिठी मारली.

“आधीची ताई तशीच पळाली, म्हणून मी एवढीशीच राहिले. तू मात्र मी मोठी होईपर्यंत कुठ्ठे जायचं नाही हं.”