बारा भागांची गोष्ट

शिवांगी लातूरहून सुट्टीला निलंग्याला आली की दिवसभर मोबाइलवर जपानी कादंबऱ्या वाचत बसायची. तिचे पप्पा, भुजंगराव, अठरा वर्षं ट्रक चालवत होते. पाच वर्षांपूर्वी त्यांनी एकाएकी ट्रक सोडला आणि पिठाची गिरणी टाकली. का सोडला, ते घरात कुणालाच सांगितलं नाही.

एके दुपारी दळण संपल्यावर ते तिच्याजवळ येऊन टेकले. "एवढं काय असतंय गं त्याच्यात?"

पप्पांनी विचारलं म्हणून शिवांगी हरखलीच. "लई भारी असतंय, पप्पा! शाळेतून घरी चाललेलं एक पोरगं ट्रकखाली येतं. अन् मेलं की थेट दुसऱ्या जगात जन्मतं. तिथं जादू, तलवारी, सगळं. शेवटी राजा होतंय."

"सगळ्या गोष्टींत असंच?"

"हाव. बहुतेक ट्रकच असतोय."

"पोरगं तिथं सुखात असतंय ना पण?"

"लई सुखात! बारा-बारा भाग चालतंय त्याचं."

भुजंगरावांनी पिठाचे हात पँटीला पुसले. स्वच्छ झाले तरी पुसतच राहिले.

"अन् त्या ट्रकवाल्याचं पुढं काय होतंय?"

शिवांगी हसली. "त्याचं कुठं काय, पप्पा! तो पहिल्या पानावर येतो, तेवढाच. पुढं त्याचं नावसुद्धा न्हाई."

 

"खरं हाय, पोरी. त्यो अजून पहिल्याच पानावर हाय."