वाळूवरचे काटे

दुष्काळाच्या साली कवठे महांकाळजवळच्या एका गावात बालवाडी निघाली. पोरांना खेळायला बाईंनी अंगणात नदीची वाळू टाकून घेतली, आणि गावची मांजरं रोज तिच्यात घाण करू लागली. वेशीबाहेरच्या वस्तीतली हौसा सकाळी येऊन ती घाण उचलून टाकायची.

"मांजर मारायचं न्हाई, लय पाप लागतंय," शेजारच्या पाटलांच्या साळूबाई म्हणाल्या. त्यांचंही मांजर त्यातलंच, दिवसभर चुलीपाशी झोपणारं. "सांजच्याला वाळूवर बाभळीच्या फांद्या पसरा. बघूनच माघारी फिरत्यात. मुक्या जिवाला इजा न्हाई."

हौसा संध्याकाळी फांद्या पसरू लागली, सकाळी उचलू लागली. तिची बोटं काट्यांनी सोलून निघाली, पण वाळू स्वच्छ राहिली. साळूबाई आता नातवाला घेऊन स्वतः येऊ लागल्या.

एका सकाळी हौसा फांद्या उचलत होती, तोवर तिच्यासोबत आलेली तिची तीन वर्षांची पोर वाळूत बसली आणि मुठी भरभरून खेळू लागली. साळूबाईंनी ते पाहिलं. नातवाला कडेवर घेतलं आणि सगळी वाळू हौसालाच उपसून ओढ्यात टाकायला लावली.

"काकी, रोज हौसाच तर ही वाळू साफ करते," बाई हळूच म्हणाल्या.

 

"साफ करणं येगळं, बाई. ह्यापरीस मांजरं परवडली."