गाता येतंय तोवर

व्यायामावर संशोधन करणारे सर ट्रेडमिलवर चढणाऱ्या प्रत्येकाला बजावायचे, "मशीनचे आकडे मी बघतो. तुम्ही एवढंच बघा, गाणं म्हणता येतंय तोवर तो व्यायामच नाही. नुसतं बोलता आलं, तर मध्यम. दोन शब्दांत दम लागला, की जोरदार!"

विद्यार्थ्यांना हे पाठ झालं होतं. बायकोला तर त्यांच्याही आधी.

हृदयाच्या दुखण्यानं ती अंथरुणाला खिळली होती. तरी रोज सकाळी उशीला टेकून केस विंचरायची आणि गुणगुणायची. स्वयंपाकघरात चहा करता करता सर कान देऊन ऐकायचे. एक दिवस गुणगुणणं ऐकू आलं नाही.

"आज गाणं नाही?"

"सूर कुठला लागतोय आता! वय झालं, अहो," ती हसली आणि शेजारणीच्या गोष्टी सांगत विंचरत राहिली. सरांनी चहाचा कप तिच्या हाताशी ठेवला.

आज कंगवा उशाशी तसाच पडला होता. ती डोळे मिटून निपचित पडली होती.

"चहा आणू?" सरांनी विचारलं.

"आणा," ती म्हणाली. मग दम खाऊन, "अर्धाच."