फुल्लीचं घर

फुल्ली खडूची होती. मोहन्यातल्या त्या अख्ख्या चाळीत फक्त शेवंतीबाईंच्या दारावर.

“मॅडम, आधीच्या तिघांच्या दारावर अशी नव्हती,” हवालदार ज्यूड म्हणाला.

“डाव रंगात आणतोय तो,” इन्स्पेक्टर संचिता म्हणाली.

महिन्याभरात कल्याण ते ठाणे तीन खून. तिघंही एकटी राहणारी म्हातारी माणसं. दार फोडलेलं नाही, झटापट नाही. समोर चहाचे दोन कप, एकात विष. आणि मेलेल्याच्या तळहातावर चार कवड्या, चारही उताण्या.

“अष्टाचम्म्यातला चम्मा,” ज्यूडने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. “चम्मा पडला की पुन्हा खेळायचं. हा थांबणार नाही, मॅडम.”

संचिताला तो खेळ येत नव्हता. तिच्या लहानपणीच्या सुट्ट्या आईच्या मांडीला टेकून कीर्तनं ऐकण्यात गेल्या होत्या.

“मी बाई काल दुपारभर देवळात, कीर्तनाला,” शेवंतीबाई पदर सावरत म्हणाल्या. “येऊन बघते तर ही फुल्ली!”

संचिताचा चेहरा खुलला. “आख्यान कुठलं होतं, आजी?”

“होतं कुठलंसं.”

संचिताला हसू आलं. डुलकी लागली असणार. तिच्या आईलाही पूर्वरंगात लागायची. पण आख्यान सुरू झालं, झांजा वाजल्या, की आई ताठ बसायची.

“तुम्हाला इथून हलवायला हवं, आजी.”

“पोलीस ठाण्यात नको गं! चाळीत तोंड कसं दाखवू? तुझ्या घरी ने की.”

“नियमात बसत नाही, मॅडम,” ज्यूड पुटपुटला.

“मग आजींना लॉकअपशेजारी बसवू?”

साध्या वेशातली बारा माणसं चाळीभोवती पेरून संचिता त्यांना कोलशेतला आपल्या घरी घेऊन आली. आई माजिवड्याला कीर्तनाला गेली होती. चार वाजत आले होते.

“बस तू, दमलीस,” शेवंतीबाई म्हणाल्या. “चहा मी टाकते.”

चहा झकास झाला होता, आलं घातलेला. शेवंतीबाईंनी पिशवीतून खडू काढून फरशीवर पट आखला.

“ही घरं. फुल्लीच्या घरातली सोंगटी कुणाला मारता येत नाही.”

“मग खुन्याने तुमच्या दारावर फुल्ली कशाला काढली?”

“त्याने कुठली? मीच काढली.”

संचिता खळखळून हसली. “स्वतःला वाचवायला? अहो आजी, माझी बारा माणसं तिकडे उन्हात उभी आहेत!” तिने कप रिकामा केला आणि ज्यूडला फोन करायला हात उचलू गेली. हात उचललाच गेला नाही.

“आणि हे सगळ्यात आतलं घर,” शेवंतीबाई शांतपणे म्हणाल्या. “इथं पोचलं की जिंकलं. पण आधी मारल्याशिवाय आत शिरता येत नाही.”

मग त्यांनी मायेने संचिताचा तळहात उघडला आणि कनवटीच्या चार कवड्या एकेक करून त्यावर उताण्या ठेवल्या.