हवामानआत्याचा सोमवार

श्रोत्यांची हवामानआत्या वीस वर्षं रेडिओवर आठवड्याचा अंदाज सोमवार ते रविवार ओळीने वाचत आली होती. आज सोमवारच्याच ओळीत दुपारी गारपीट होती, आणि शिवारभर कापलेल्या गव्हाचे ढीग उघड्यावर होते. “आत्या, ऐकतंय कोण? सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेत,” तंत्रज्ञ म्हणाला. “तू बटण दाब, शहाण्या.” बाकीचे सहा दिवस तिने बाजूला ठेवले. “दुपारच्या आत गहू झाका,” एवढंच ती पुन्हा पुन्हा, सावकाश, लहान मुलांना समजावावं तसं सांगत राहिली. मग राहवेना, म्हणून गच्चीवर गेली. पश्चिमेकडून आभाळ काळ्या भिंतीसारखं चालत येत होतं. खाली एका ढिगावर निळी ताडपत्री चढली, मग शेजारच्यावर, मग त्यापलीकडच्यावर, थेट क्षितिजापर्यंत. तंत्रज्ञही मागे येऊन ताडपत्र्या मोजू लागला. बंद खोलीत बोलणाऱ्या आत्याला आपला आवाज पहिल्यांदाच दिसला.