दोनावरचं बोट

गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून भुलीचं इंजेक्शन टाक्यांजवळ दिलेलं बरं की बरगड्यांखाली, यावर शिकाऊ डॉक्टरणीचा प्रबंध होता. तिच्या पट्टीवर शून्य ते दहा आकडे. जेवढं दुखतंय, तेवढ्यावर बोट ठेवायचं. पण सकाळपासून सगळ्या पेशंटची बोटं दोनावरच. डॉक्टरला चैन पडेना. “काकू, खरंच दोन?” तिनं पहिल्या खाटेवरच्या बाईंना विचारलं. काकू हसायला गेल्या आणि कळवळल्या. “अगं, परीक्षा आहे ना तुझी? मीच सगळ्यांना बजावलंय, पोरीला लहान आकडे द्या, पास होऊ दे.” “अहो, मोठा आकडा आला तरच आणखी औषध मिळतं!” काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. “माझं राहू दे. आधी खिडकीजवळच्या मुलीकडे पळ. तोंडात चादर कोंबून पडलीय.” डॉक्टर धावली. पट्टी पुढे केली. मुलीचं बोट दहाच्याही पुढे गेलं. पट्टी संपली, तरी थांबलं नाही.